प्रोटॉनवरून खेळणाऱ्याच्या नावापुढे खिडकी दाखवावी की पेंग्विन?

खिडकीबाहेर
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले चौघे मित्र नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात एक छोटा सहकारी खेळ तयार करत आहोत. वादळात सापडलेले गलबत सहा खेळाडूंनी मिळून किनाऱ्याला लावायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी सगळे ज्या खोलीत जमतात, तिथे प्रत्येकाच्या नावापुढे एक चिन्ह दिसते: विंडोजवाल्यांना खिडकी आणि मॅकवाल्यांना सफरचंद. लिनक्ससाठी आम्ही वेगळी आवृत्ती काढलेली नाही, कारण विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या साधनावर आमची विंडोजची आवृत्ती विनातक्रार चालते. त्यामुळे लिनक्सवाल्यांच्या नावापुढेही खिडकीच उमटते.

चाचणीला बसलेल्या सुमारे चाळीस जणांपैकी सात जण लिनक्सवरून खेळतात आणि आमच्या नावापुढे लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन दाखवा, अशी त्यांची मागणी आहे. मला ते अर्ध्या तासाचे काम वाटले होते. पण आमच्यातल्याच एकाचे म्हणणे असे पडले की, खेळ विंडोजसाठी लिहिलेला आहे, त्याला विंडोजच दिसते आहे, मग पडद्यामागे कोण उभे आहे हे डोकावून पाहणारे आपण कोण? गेले दोन रविवार आमचा यावर वाद चालू आहे. असे चिन्ह दाखवावे का, आणि दाखवायचे तर कोणाच्या शब्दावर विसंबून दाखवावे?

डेकवाला_ठाणेकर
अवश्य दाखवा. मी स्टीम डेकवरून, म्हणजे हातात धरायच्या लिनक्सवाल्या खेळयंत्रावरून खेळतो. माझ्या नावापुढे खिडकी दिसली की स्वतःच्या घराच्या दारावर जुन्या मालकाची पाटी पाहिल्यासारखे वाटते.

अर्धविराम
आधी तांत्रिक बाजू स्पष्ट करतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही.

विंडोजचे प्रोग्राम इतर कार्यप्रणालींवर चालवणारा वाईन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे आणि स्टीम हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेला प्रोटॉन त्याच पायावर उभा आहे. खेळाने 'मी कोणत्या विंडोजवर आहे?' असे विचारले की वाईन आपल्याकडे निवडून ठेवलेल्या विंडोजच्या आवृत्तीचे नाव सांगते. याला खोटे बोलणे म्हणता येणार नाही, कारण विंडोजच्या प्रत्येक प्रश्नाला विंडोजसारखे उत्तर देणे हेच तिचे काम आहे. ज्यावर खेळ बांधले जातात ते युनिटीसारखे इंजिनही तेच उत्तर पुढे पाठवते. म्हणूनच अनेक खेळांच्या स्वतःच्या आकडेवारीत लिनक्सवाले दिसतच नाहीत. स्टीमच्या सर्वेक्षणात ते दिसतात, कारण तिथे मोजणी करणारा स्टीमचा प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत असतो. त्या सर्वेक्षणात ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला.

आता प्रत्यक्ष ओळखायचे कसे, तर वाईनच्या एनटीडीएलएल या फायलीत 'वाईन_गेट_व्हर्जन' नावाचे एक फलन (फंक्शन) असते, जे खऱ्या विंडोजमध्ये नसते. ते सापडले की समोर वाईन आहे हे कळते. मात्र खुद्द वाईनच्या विकासकांचा सल्ला असा आहे की प्रोग्रामांनी हे तपासूच नये. वाईनमध्ये काही उणीव आढळली तर ती वाईनमध्येच दुरुस्त व्हावी. तुमचा मित्र जे म्हणतो आहे ते त्यांच्या भूमिकेशी जुळते.

तिसरी_घंटा
मला मूळ हेतूच समजलेला नाही. काही खेळांत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणक अशी चिन्हे दाखवतात, त्याला कारण असते. समोरचा माणूस माउसने नेम धरतो आहे की हातातल्या कंट्रोलरने, याचा खेळावर परिणाम होतो आणि आवाजी गप्पांची सोयही प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलू शकते. पण एक जण विंडोजवर आणि दुसरा फेडोरा या लिनक्सवर, दोघांच्या हाती तोच कीबोर्ड आणि तोच माउस असेल, तर तिसऱ्या खेळाडूला त्या चिन्हातून नेमके काय कळणार आहे? डेकवरचा खेळाडू लहान पडद्यावर खेळतो आहे आणि त्याला लांबलचक संदेश टंकता येणार नाहीत, ही माहिती उपयोगी आहे, हे मी मान्य करते. परंतु ती कार्यप्रणालीची माहिती नाही, हातातल्या साधनाची आहे. तुमच्या गलबतावर सुकाणू कोणी धरायचे हे ठरवताना कंट्रोलरचे चिन्ह उपयोगी पडेल, पेंग्विनचे पडणार नाही.

डेकवाला_ठाणेकर
घंटाताई, टंकता येत नाही हे खरे आहे. हा प्रतिसाद मी डेकवरूनच लिहितो आहे आणि चहा दोनदा गार झाला.

कर्नल_शिंदे
मी थोडे कटू बोलणार आहे. चिन्ह जरूर दाखवा, पण मिरवण्यासाठी नव्हे, तर इतरांना सावध राहता यावे म्हणून. एपेक्स लेजेंड्स या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळाने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सवरून खेळणे बंद केले, ते काही उगाच नव्हे. फसवणुकीची साधने लिनक्सवर लपवणे सोपे जाते, असे त्यांनी उघडपणे सांगितले होते. इझी अँटी-चीट ही फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजवर कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, बसून पहारा देते, लिनक्सवर मात्र ती वापरकर्त्याच्या पातळीवरच चालते. पहारेकरी जिथे अंगणातच थांबतो, तिथे माजघरात काय चालले आहे ते त्याला कसे कळणार? माझ्या खोलीत असा खेळाडू असेल तर ते मला आधी कळायला हवे.

(सदस्यनामातला 'कर्नल' लष्करातला आहे, लिनक्समधला नाही. हे दर वेळी सांगावे लागते.)

जुना_गडी
कर्नलसाहेब, आपली चिंता रास्त आहे, पण 'सावध राहण्यासाठी' दाखवलेल्या चिन्हाचा इतिहास फारसा चांगला नाही. २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ब्लिझार्ड कंपनीचा खेळ सेडेगावरून खेळणाऱ्या काही लिनक्सवाल्यांची खाती बंद झाली होती. सेडेगा म्हणजे वाईनपासून निघालेली पैसे देऊन घ्यायची शाखा. तपासणी करणाऱ्या यंत्रणेला ओळखीचे नसलेले काहीतरी दिसले आणि तिने ते संशयास्पद ठरवले. नंतर ब्लिझार्डने चूक मान्य करून ती खाती पुन्हा सुरू केली. २०१२ मध्ये डायब्लो ३ च्या वेळी पुन्हा तशीच ओरड झाली, तेव्हा केवळ लिनक्सवर खेळतो म्हणून कोणाला बाहेर काढले जात नाही, असे कंपनीला जाहीर करावे लागले.

मी त्या काळी नागपुरात रात्रीच्या स्वस्त जोडणीवर वाईनमधून खेळत असे आणि माझ्या संघातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणूनच त्यांनी मला माझ्या खेळावरून जोखले. तो बहुतेक वेळा वाईटच असे, ते सोडा.

मीरा_म्युनिक
एपेक्सच्या निवेदनातला जो भाग इथे खरा महत्त्वाचा आहे तो कर्नलसाहेबांनी उल्लेखलेला नाही. कंपनीने असेही म्हटले होते की खरा स्टीम डेक कोणता आणि स्वतःला स्टीम डेक म्हणवणारे फसवे साधन कोणते, हे विश्वासाने वेगळे करण्याचा मार्ग तिच्याकडे नाही. म्हणजे मार्च २०२२ पासून अडीच वर्षे डेकवर खेळू दिल्यानंतर त्यांना सर्वांनाच दार बंद करावे लागले, कारण ओळख पटवण्याची सोयच नव्हती.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मोठी विद्या लागत नाही. अनेक खेळ डेक ओळखण्यासाठी 'स्टीमडेक=१' हे एक चल (व्हेरिएबल) पाहतात आणि स्टीममध्ये खेळाच्या सुरुवातीच्या पर्यायांत ते कोणालाही लिहिता येते. मी स्वतः घरच्या संगणकावर ते लिहून डेकसाठी राखलेली मांडणी वापरते, कारण मला मोठी अक्षरे आवडतात. दुसऱ्या दिशेनेही तेच आहे. वाईन-स्टेजिंग या वाईनच्या प्रायोगिक शाखेत आपली आवृत्ती प्रोग्रामांपासून लपवण्याची एक चौकट आहे. तिच्यावर टिचकी मारली की अर्धविराम यांनी सांगितलेले फलन दिसेनासे होते आणि उरते ती खिडकी.

आता विचार करा. जो खेळाडू प्रामाणिक आहे त्याच्या नावापुढे पेंग्विन लागेल, आणि ज्याला फसवायचे आहे तो पाच मिनिटांत खिडकी लावून घेईल. म्हणजे कर्नलसाहेब नेमके कोणापासून सावध राहणार?

कर्नल_शिंदे
मीराताई, मुद्दा पटला. चिन्ह हा पुरावा होऊ शकत नाही, हे मान्य. तरीही इझी अँटी-चीट ज्यांची आहे त्या इपिक कंपनीच्या अँटी-चीट संचात सर्व्हर खेळाडूची नोंद करतो, तेव्हा प्लॅटफॉर्म हा रकाना असतोच आणि त्यात लिनक्सही आहे. तो रकाना निरर्थक असता तर ठेवला कशाला असता?

अर्धविराम
रकाना आहे, पण तो सर्व्हर आणि पहारेकरी यांच्यातला आहे, खोलीतल्या इतर पाच जणांसाठी नाही. दवाखान्यातल्या केसपेपरवर रक्तगट लिहितात म्हणून कोणी तो गळ्यात अडकवून फिरत नाही. धागालेखकाने या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. सर्व्हरने काय जाणावे हा एक प्रश्न आहे आणि शेजारच्या खेळाडूने काय पाहावे हा वेगळा.

सफरचंदी
एका जमातीचा इथे सर्वांनाच विसर पडला आहे. मॅकवर क्रॉसओव्हर या प्रोग्राममधून विंडोजचे खेळ खेळणाऱ्यांचे काय? क्रॉसओव्हरच्या पोटातही वाईनच आहे. ॲपलने जून २०२३ मध्ये काढलेला गेम पोर्टिंग टूलकिटही त्याच वाटेने जातो. तुम्ही 'वाईन सापडली की पेंग्विन लावा' असे लिहिलेत, तर माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यावर पेंग्विन येऊन बसेल. तुमची मॅकची आवृत्ती आहे हे वाचले, पण मित्रांनी विंडोजवर तयार केलेले खेळातले फेरफार (मॉड) तिच्यात चालत नसतील तर मी विंडोजचीच आवृत्ती चालवणार.

अवांतर: कार्यप्रणालीचे कौतुक खेळात मिरवण्याची सर्वांत गोड पद्धत टीम फोर्ट्रेस २ ने दाखवली होती. २०१० मध्ये मॅकवर खेळणाऱ्यांच्या पात्राला पांढरे इयरबड मिळाले आणि २०१३ मध्ये लिनक्सवर खेळणाऱ्यांना टक्स पेंग्विन मिळाला. पुढे त्या इयरबडची खेळाडूंच्या बाजारात चलनासारखी देवाणघेवाण होत असे. आवडले तर घाला, नाही तर पेटीत ठेवा किंवा विकून टाका.

अर्धविराम
सफरचंदी यांची दुरुस्ती योग्य आहे. वाईनमध्ये 'वाईन_गेट_होस्ट_व्हर्जन' असे जोडीचे फलन आहे, ते खालच्या यंत्रणेचे नाव सांगते. लिनक्सवर 'लिनक्स' आणि मॅकवर 'डार्विन'. फ्रीबीएसडी या दुर्मीळ कार्यप्रणालीवरून कोणी आलाच, तर त्याला चिन्ह नको, उठून नमस्कार करा.

गोठलेला_पडदा
मी थोडा उशिरा आलो, पण चर्चेत एक गोष्ट कोणीच मांडलेली नाही. समोरचा खेळाडू वाईनवर आहे हे खरोखर माहीत असायला हवे होते, असा एक प्रसंग मी पाहिला आहे.

एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती आम्ही आठ जण दर शनिवारी खेळत असू. अशा खेळात प्रत्येक संगणक संपूर्ण युद्धाचे गणित स्वतंत्रपणे करतो आणि एकमेकांना फक्त आज्ञा पाठवल्या जातात. आठही संगणकांचे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच आले पाहिजे. आमच्यातल्या एकाने विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घातले आणि त्या शनिवारपासून वीस-पंचवीस मिनिटांनी 'खेळ एकमेकांशी जुळत नाही' असा संदेश येऊन सगळ्यांचाच खेळ बंद पडू लागला. आम्ही तीन आठवडे राउटर बदलले, जोडणीवाल्याला शिव्या घातल्या, एकाने तर भिंतीतून नवी केबल ओढून घेतली.

कारण शेवटी भलतेच निघाले. प्रोटॉनमधील गणिती फलनांचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या मूळ फलनसंग्रहाच्या (लायब्ररीच्या) उत्तरापेक्षा कुठेतरी अगदी शेवटच्या अंकात वेगळे येत होते. तो फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता, पण एका भालदाराचे पाऊल केसभर इकडचे तिकडे झाले की पुढच्या हजार आज्ञांनंतर दोन संगणकांवर दोन निराळी युद्धे चालू असतात. त्या मित्राने 'यूसीआरटीबेस' ही मायक्रोसॉफ्टची मूळ फाईल खेळाच्या प्रोटॉनमध्ये आणून ठेवली आणि त्या रात्री आम्ही पहाटे दोनपर्यंत खेळलो. तोवर हा उपाय प्रोटॉनवाल्या खेळाडूंमध्ये सर्वांना माहीत झालेला होता. माहीत नव्हता तो फक्त आम्हाला, कारण आमच्यातला एक जण प्रोटॉनवर आहे ही गोष्ट आम्ही हिशेबात धरलीच नव्हती.

म्हणून माझा प्रश्न धागालेखकाला आहे: तुमच्या गलबताचे आणि लाटांचे गणित सर्व्हरवर होते की प्रत्येकाच्या संगणकावर?

खिडकीबाहेर
लाटांचे गणित प्रत्येकाच्या संगणकावर होते आणि गलबताची जागा सर्व्हर ठरवतो. आपला प्रतिसाद वाचून मी आताच आमच्या तक्रारींची वही उघडली. 'लाट दिसली नाही, तरी गलबत हलले' अशा तीन तक्रारी आहेत. तिघे कोणत्या कार्यप्रणालीवर होते हे सांगता येत नाही, कारण नोंदीत सगळ्यांसमोर 'विंडोज १०' लिहिले आहे.

तिसरी_घंटा
आता कुठे मला या धाग्याचे प्रयोजन सापडले. दोन रविवार तुम्ही चुकीच्या फळीवर काय लटकवायचे यावर भांडत होतात.

उंबरठा
मी खेळ कमी खेळते आणि माहितीच्या सुरक्षेचे काम जास्त करते, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहिते. अनोळखी पाच जणांच्या खोलीत एखाद्याची कार्यप्रणाली दाखवणे ही क्षुल्लक बाब वाटते, पण सदस्यनाम, खेळण्याच्या वेळा, आवाज आणि कार्यप्रणाली असे तुकडे एकत्र आले की माणूस ओळखू येऊ लागतो. ३ टक्क्यांतला माणूस ९५ टक्क्यांतल्या माणसापेक्षा लवकर ओळखू येतो, हे साधे अंकगणित आहे.

दुसरे म्हणजे, खेळाडूने विंडोजची फाईल चालवली, तुम्ही तिच्या आतून त्याच्या यंत्राबद्दल त्याने न सांगितलेले शोधून काढले आणि ते इतरांना दाखवले. यातले शोधून काढणे दोष दुरुस्तीसाठी समर्थनीय आहे, मात्र दाखवणे त्याच हेतूत बसत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट हेतूपुरतीच धरली जाते. चौघांच्या छंदाच्या खेळावर कोणी खटला भरणार नाही हो, पण सवय आधीपासून चांगली लावून घ्यावी.

आणि एक अनुभव. माझा भाऊ एका खेळात लिनक्सच्या चिन्हासह दिसत असे. दोन वेळा त्याला खेळ सुरू होण्याआधीच खोलीबाहेर काढले गेले आणि कारण विचारले तर फक्त त्या चिन्हाचे चित्र परत पाठवले गेले. त्याला ते चिन्ह काढून टाकण्याची सोय नव्हती.

कर्नल_शिंदे
बाहेर काढणारा मी नव्हतो, परंतु वर मी जे लिहिले त्याचे पर्यवसान यातच होते, हे कबूल करायला हवे. माझी सूचना मागे घेतो.

डेकवाला_ठाणेकर
माझी मात्र तशीच उभी आहे! उंबरठाताईंचे सगळे पटले, तरी माझे म्हणणे ऐका. मी हा डेक अमेरिकेतून येणाऱ्या मावसभावाच्या पिशवीतून मागवला, कारण इथे तो अधिकृतपणे मिळत नाही. खोलीत दुसरा पेंग्विन दिसला की मी त्याला विचारतो, 'तुम्ही प्रोटॉनची कोणती आवृत्ती लावली?' आणि आमची गट्टी जमते. मला हे ओळखपत्र हवे आहे. ज्याला नको त्याच्यावर लादू नका, पण मला हवे असताना 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून नाकारूही नका.

मीरा_म्युनिक
+१. ठाणेकर स्वतः सांगत असतील, तर ते सांगणे त्यांचे आहे. यंत्राला विचारून लावलेला पेंग्विन आणि माणसाने स्वतः निवडलेला पेंग्विन दिसायला सारखेच, पण पहिला चुकला तर दोष तुमचा, दुसरा चुकला तर ती गंमत.

जुना_गडी
म्हणजे विंडोजवाल्यानेही पेंग्विन लावला तर चालेल?

मीरा_म्युनिक
चालेल की. सफरचंदी यांच्या टीम फोर्ट्रेसमध्ये ज्यांनी इयरबड घातले होते ते सगळे मॅकवर थोडेच होते?

सफरचंदी
निम्म्यांनी तरी मित्राचा मॅक तासाभरासाठी उसना घेतला असणार, असा माझा कयास आहे. मी स्वतः मित्राला उसना दिला होता आणि त्याने त्यावर वडा-पावचे तेल लावून परत केला.

खिडकीबाहेर
काल आम्ही चौघे बसलो आणि पुढीलप्रमाणे ठरवले, काही चुकत असेल तर सांगा.

खोलीतून खिडकी आणि सफरचंद ही दोन्ही चिन्हे काढून टाकली. त्या जागी घंटाताईंच्या सूचनेप्रमाणे हातातले साधन दाखवतो आहोत: कीबोर्ड किंवा कंट्रोलर. कोणी साधन मध्येच बदलले तर चिन्हही बदलते. ज्याला पेंग्विन हवा त्याला तो पात्राच्या टोपीवर मिळेल. सफरचंदही मिळेल आणि कोणीही काहीही निवडू शकेल. यंत्राला त्याबाबत काहीच विचारले जाणार नाही.

दोषाचा अहवाल मात्र वेगळा ठेवला आहे. खेळ बंद पडला किंवा लाट जुळली नाही, तर पाठवण्यापूर्वी अहवालाचा मजकूर खेळाडूला पूर्ण दाखवतो आणि त्यात 'वाईन आहे की नाही, असल्यास कोणती आवृत्ती, खाली कोणती यंत्रणा' ही ओळ असते. ती ओळ खोडून अहवाल पाठवण्याची मुभा आहे.

पडदाराव, तुमच्यामुळे लाटांचे गणित पुन्हा तपासले. त्या तीन तक्रारींपैकी दोघांनी नवा अहवाल पाठवला. एक प्रोटॉनवर होता आणि दुसरा चक्क खऱ्या विंडोजवर. म्हणजे चूक प्रोटॉनची नव्हती, आमचीच होती. आम्ही लाटेची वेळ पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या वेगाला (रिफ्रेश रेटला) बांधली होती आणि दोघांचेही पडदे ६० हर्ट्झचे नव्हते.

गोठलेला_पडदा
हे वाचून फार बरे वाटले. पेंग्विन आधीच लावला असता तर पहिल्या तक्रारीनंतरच तुम्ही त्याच्यावर ठपका ठेवून मोकळे झाला असता.

अर्धविराम
एक किरकोळ भर. वाईनच्या आवृत्तीच्या ओळीत स्टेजिंग असल्यास तसे वेगळे दिसते, ते नोंदीत कापले जाऊ देऊ नका. आणि आवृत्ती लपवलेली असेल तर तुमच्या अहवालात 'वाईन नाही' असे येईल. तिथे 'वाईन आढळली नाही' असे लिहा. ते अधिक खरे आहे.

खिडकीबाहेर
बदलले. धन्यवाद.

डेकवाला_ठाणेकर
टोपी कधी मिळणार?